हिरवा दोरा

घरात तिला सगळे बारकी म्हणत. भावंडांत शेवटची म्हणून पडलेलं नाव. आता ती चाळिशीला टेकली होती, कानशिलाजवळचे केस पांढरे झाले होते, तरी दादाच्या घरी पाऊल टाकलं की ती बारकीच. ऑफिसात मात्र ती मॅडम होती आणि तिथं तिचा चांगला दरारा होता. हाताला लावायचं क्रीम बनवणाऱ्या कंपनीत ती कामाला होती. माल नेमका कशामुळे खपतो ते शोधून काढायचं, हे तिचं काम. जाहिरातवाले म्हणत आमच्यामुळे, सवलती देणारे म्हणत आमच्यामुळे, आणि दोघंही एकमेकांकडे बघून नाकं मुरडत. बारकी सगळ्यांचे आकडे कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये घालायची आणि एक आलेख काढायची.

त्या आलेखात वर्षाची विक्री थराथरांनी मांडलेली असे, घडी करून एकावर एक ठेवलेल्या पांघरुणांसारखी. तळाशी जाडजूड करडा थर. कुणी काहीही केलं नाही तरी नुसत्या नावावर आणि लोकांच्या सवयीवर जी विक्री होते, ती तिथं. तिला ऑफिसात ‘पाया’ म्हणत. त्यावर टीव्हीचा निळा, सवलतींचा नारिंगी, मोबाइलवरच्या जाहिरातींचा जांभळा. आणि सगळ्यांत वर हिरवा. दुकानात फळीजवळ उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताला क्रीम चोळून दाखवणाऱ्या बायका असत, त्यांना सगळे डेमोवाल्या म्हणत, हिरवा त्यांचा. थर कसला, दोराच होता तो. मागच्या खुर्च्यांवरच्यांना तर दिसतही नव्हता.

वार्षिक बैठकीत मोठे साहेब पुढे वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, “म्हणजे या बायकांमुळे काहीच होत नाही?”

आता बारकीला काय ठाऊक होतं, ते सांगायला हवं. मॉडेलला फक्त चढउतार कळतो. टीव्हीवरची जाहिरात कधी जोरात असते, कधी बंद असते. ती वाढली की विक्री वाढते, थांबली की उतरते, आणि त्यावरून तिचं श्रेय ठरतं. डेमोवाल्या मात्र वर्षानुवर्षं त्याच दुकानांत, तेवढ्याच संख्येनं उभ्या होत्या. त्या नसल्या तर काय होतं, हे मॉडेलनं कधी पाहिलेलंच नव्हतं. त्यांनी खपवलेला माल गुपचूप करड्या थरात जिरत होता. किती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पण ‘दिसत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे, हे बारकी हाताखालच्या नव्या माणसांना पहिल्याच दिवशी शिकवायची. त्यात कुणी घोटाळा केला की चारचौघांत फैलावर घ्यायची.

साहेबांना हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण त्या डेमोवाल्यांत तिची वहिनी होती.

ऑफिसात ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती, कारण बारकीनं ती माहीत होऊ दिली नव्हती. वहिनी तिथं तिच्याही आधीपासून होती. कंपनीत जागा निघालीय हे वहिनीनंच तिला सांगितलं होतं. आई गेल्यावर बारकीचे केस विंचरले ते वहिनीनं, परीक्षेच्या दिवशी पहाटे उठवून चहाचा कप हातात दिला तो वहिनीनं. आणि ऑफिसात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी डेमोवाल्यांच्या उभं राहण्याची नक्कल केली, तेव्हा सगळ्यांबरोबर बारकीही हसली. तिथून पुढं सांगणं राहूनच गेलं. दुकानांची पाहणी निघाली की ती वहिनीचं दुकान टाळायची.

त्यामुळे त्या क्षणी तिला भलतीच धास्ती वाटली. या बायकांची बाजू घेताना आवाज जरा हळवा झाला आणि कुणी कान टवकारले तर? आणि खरं सांगायचं तर ते पुरतं कारणही नव्हतं. साहेब तिच्याकडे बघत होते, सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ठाम उत्तर देणारी बाई म्हणून मिरवायला तिला आवडायचं.

“जवळपास शून्य, साहेब,” ती म्हणाली.

“याला म्हणतात स्पष्ट बोलणं,” साहेब म्हणाले. पुढच्या महिन्यात डेमोवाल्यांना घरी बसवलं गेलं.

दादाकडं जायचं बारकीनं दोन रविवार टाळलं. तिसऱ्यांदा वहिनीचाच फोन आला, तेव्हा जावं लागलं. वहिनी खुर्चीत बसून पाय गरम पाण्याच्या बादलीत सोडून होती. सवय हो, ती म्हणाली. उभं राहायचं नसलं तरी संध्याकाळ झाली की पाय आपले पाणी मागतात.

“कुणी काही सांगितलं का, कशामुळे ते?” बारकीनं विचारलं. विचारताना आपला आवाज किती साधा येतोय याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

“आम्हाला कोण सांगतंय. वरून आलं म्हणे.”

दादा पेपर आपटून म्हणाला, “वर बसून रेघोट्या मारणारे लोक आहेत ना, त्यांचं काम हे. एकदा दुकानात उभं करा म्हणावं दिवसभर.”

“अहो, बारकीपण तेच काम करते,” वहिनी म्हणाली. “तिच्यासमोर असं बोलू नका. तिचा काय दोष त्यात?”

बारकीनं कप तोंडाला लावला तो चहा संपला तरी काढला नाही. निघताना वहिनीनं नेहमीसारखे तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि घरात उरलेल्या ट्यूबमधलं क्रीम चोळलं, आधी उजवा, मग डावा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. किती कोरडे ठेवतेस गं हात, असंही म्हणाली. बारकी जिना उतरेपर्यंत कशीबशी थांबली, मग रस्त्यावरच्या नळाखाली तिनं हात खसाखसा धुतले. वास गेला नाही.

मग विक्री उतरायला लागली. जाहिराती तेवढ्याच, सवलती तेवढ्याच, तरी करडा थर कडेनं ढासळत चालला. ऑफिसात धावपळ सुरू झाली. बारकीनं नवे आकडे घालून मॉडेल पुन्हा चालवलं. निकाल काय येणार हे तिला आधीच कळलं होतं. डेमोवाल्या आधी होत्या आणि आता नाहीत, एवढा चढउतार मॉडेलला पहिल्यांदाच मिळाला होता. जुन्या वर्षांतल्या करड्यातून एक भलीमोठी पट्टी सुटून हिरवी झाली होती. टीव्हीच्या निळ्याहून जाड.

“वा!” मोठे साहेब बैठकीत म्हणाले. “आता कसं स्वच्छ दिसतंय. त्यांना काढलं म्हणून तर कळलं. मॅडम, फार चांगलं काम.”

टाळ्या झाल्या. बायकांना परत बोलवायचं ठरलं. तोंड उघडायची दुसरी संधी होती ती, आणि मान खाली घालून बारकीनं तीही घालवली. मान खाली घातली तो सगळ्यांना विनय वाटला.

संध्याकाळी ती थेट दादाकडं गेली. दादा बाहेर गेला होता. वहिनीला तिनं बातमी सांगितली, आणि वहिनीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

“तूच शब्द टाकला असशील,” वहिनी म्हणाली. “मला वाटलंच होतं, बारकी गप्प बसायची नाही.”

शिव्या खाणं परवडलं असतं. बारकीला हा विश्वास सहन होईना. तिनं सगळं सांगून टाकलं, बैठक, साहेबांचा प्रश्न, तिचं उत्तर. वहिनीला नीट कळेना, तेव्हा टेबलावर पडलेल्या पाकिटाच्या मागं थर काढून दाखवले.

“यात मी कुठं?” वहिनीनं विचारलं.

बारकीनं तळाशी बोट ठेवलं.

“एवढी सगळी?”

“सगळी नाही, यातला एक भाग. किती ते तेव्हा सांगता येत नव्हतं.”

“सांगता येत नव्हतं,” वहिनी म्हणाली, “पण शून्य म्हणून सांगता आलं.”

बारकीनं पाकिटावरचं बोट काढून घेतलं.

वहिनी पाकिटाकडं बघत राहिली. “म्हणजे मी रोज जात होते म्हणून दिसले नाही. ताप होता तरी गेले मी. तुझ्या दादाचं ऑपरेशन झालं त्या दिवशीही दुपारपासून दुकानात उभी होते. मधेमधे दांड्या मारल्या असत्या तर दिसले असते, असंच ना?”

“हो.”

“बरं.” वहिनीनं दोन्ही कप उचलले. मग दाराशी थांबून, पाठमोरी असतानाच तिनं विचारलं, “तुझ्या साहेबांना माहीत आहे, मी तुझी कोण ते?”

बारकीनं नकारार्थी मान हलवली. वहिनीला ती दिसली नाही, पण गप्प राहणंच पुरेसं होतं. आत नळ सुरू झाला. दोन कप धुवायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ तो सुरू राहिला. त्या दिवशी वहिनीनं तिचे हात मागितले नाहीत.

डेमोवाल्या परतल्या आणि मोठ्या साहेबांना पाहणीची हौस आली. आपण काय परत आणलं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. दुकानाचं नाव ऐकलं तेव्हा बारकीच्या मनात नेहमीचं कारण तयार झालं, डोकं दुखतंय. ते तिनं गिळलं आणि गाडीत बसली.

फळीजवळ वहिनी उभी होती. गळ्यात कंपनीचा पट्टा, पायांत जाड तळव्यांचे बूट. तिनं साहेबांना पाहिलं, त्यांच्या मागची चार माणसं पाहिली, बारकीला पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

“या साहेब, हात दाखवा ना,” ती म्हणाली, आणि त्यांच्या हातावर थेंब ठेवून चोळू लागली. साहेब खूष झाले. मग वहिनी वळली. “मॅडम, तुम्हीपण करा हात पुढं.”

ती बारकीला सांभाळून घेत होती. इतकं सगळं कळल्यावरही, चार माणसांत तिची अब्रू झाकत होती, आणि ते इतक्या सफाईनं की कुणाला शंकाही येऊ नये. बारकीचा हात तिच्या हातात होता. रोज अनोळखी बायकांचे हात धरायची तसाच तिनं तो धरला होता, हलका, बोटांच्या टोकांवर. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात पहिल्या आठवड्यात हसली होती, तो दिवस तिच्यासमोर उभा राहिला.

“साहेब,” ती म्हणाली, “ही माझी वहिनी.”

साहेब हसले. ती गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं.

“सख्खी. हिनंच मला लहानाचं मोठं केलं. आणि त्या बैठकीत मी शून्य म्हणाले ना, ते खोटं होतं. तो दोरा तसा का दिसतोय ते मला तेव्हाही माहीत होतं. मी बोलले नाही.”

मागच्या चौघांपैकी एकजण फळीवरचे डबे मोजल्यासारखं करू लागला. साहेबांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. क्रीम अजून ओलं होतं, तो हात कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

“ऑफिसात बोलू आपण,” ते म्हणाले आणि पुढच्या फळीकडं गेले. त्यांच्यामागून बाकीचे गेले.

बारकी तिथंच राहिली. तिचे कान तापले होते, डोळे भरले होते, आणि दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. वहिनीनं मान वर केली नाही. ती बारकीच्या उजव्या हाताच्या बेचक्यांमधून अंगठा फिरवत होती, आता जरा दाबून, घरी करायची तसा. बराच वेळ तिनं तो एकच हात चोळला. मग ट्यूबचं टोपण पुन्हा उघडलं.

“दुसरा दे, बारके,” ती म्हणाली. “आणि मग जा. मागं गिऱ्हाइकं थांबलीत.”