दांडा उलटा येतो तेव्हा

“इथे बोट ठेव. दांडा खाली आला की बोटाला ढुशी बसली पाहिजे. बसली ना? मग हा चालला कामाला!”

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज तो. कारखान्यात पंप तपासणाऱ्या बाई एका नव्या मुलीला काम शिकवत होत्या. त्या बाई आता कुठे असतील, मला ठाऊक नाही. पण त्यांचा हात माझ्या मुठीवरून फिरला आणि आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत, असं मला पहिल्यांदा वाटलं.

मी एक जुना सायकलचा पंप आहे. अंगाने उभं लोखंडी नळकांडं, डोक्यावर लाकडी मूठ, पायाशी रबरी नळी. पोटात एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटी. तळाशी एक इवलीशी झडप. हवेला पुढे जाऊ द्यायचं आणि मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. ती दिसत नाही, वाजत नाही, पण माझा सगळा संसार तिच्या जिवावर.

मला एका सायकल दुरुस्त करणाऱ्याने आणलं. रस्त्याच्या वळणावर त्याचं दुकान होतं, निळ्या फळ्यांचं. फळीवर रबराचे तुकडे, पाण्याचं घमेलं, छताला टांगलेली चाकं. वारा सुटला की ती चाकं आपोआप फिरत आणि भिंतीवर आऱ्यांच्या सावल्या नाचत.

माझ्या मालकाची एक खोड होती. सायकल दुरुस्त केली की तो गिऱ्हाइकाला ती लगेच देत नसे. आधी बिघाड दाखवायचा, साध्या शब्दांत समजवायचा, आणि मग म्हणायचा, “आता तुम्ही मला सांगा बघू, काय झालं होतं?”

“अहो, पंक्चर झालं होतं!” एकदा टपालवाले वैतागून म्हणाले.

“ते झालं. पण का?”

“मला पत्रं वाटायचीत, मास्तर. परीक्षा कसली घेताय?”

“दोन शब्द बोला आणि जा. माझ्या मनाचं समाधान.”

मग टपालवाले मान खाजवत सांगू लागले, की टायरची कड फाटली होती, तिथून ट्यूब बाहेर डोकावत होती, रस्त्याला घासत होती. सांगता सांगता त्यांचा चेहरा उजळला. “हात्तिच्या! म्हणजे टायरच बदलायला हवा होता की!” माझा मालक गालात हसला. स्वतःच्या तोंडून निघाल्याशिवाय कळलं असं म्हणू नये, असं त्याचं मत होतं.

त्याची मुलगी शाळेतून सुटली की दुकानात येई. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. माझ्या मुठीपर्यंत हात पोचावा म्हणून ती लाकडी पेटीवर चढायची आणि दांड्याच्या तालावर गायची:

वर गेला दांडा, वारा आत आला,
खाली आला दांडा, चाकाला मिळाला.

ते माझे सुखाचे दिवस. सकाळपासून दिवे लागेपर्यंत मला उसंत नसे. शाळेच्या पोरांच्या सायकली, दूधवाल्याची, बाजारातल्या बायकांच्या हातगाड्या, सगळ्यांच्या चाकांत मीच श्वास भरत होतो. “जुना आहे, पण दणकट आहे हो!” असं कुणी म्हटलं की माझं लोखंड आतून कोमट होई.

भिंगरी मोठी झाली, परिचारिका व्हायला दुसऱ्या शहरात वसतिगृहात गेली. आणि त्याच सुमारास मला एक गोष्ट कळू लागली. दांडा मधेच थांबत होता. मालकाचे हात मुठीवर तसेच राहत, तळव्यांना घाम येई, आणि त्याचा श्वास माझ्यापेक्षा मोठ्याने वाजे. गिऱ्हाईक बघतंय असं वाटलं की तो वाकून उगीच चाक तपासल्यासारखं करी.

एक दिवस तो दुपारी दवाखान्यात जाऊन आला. मला फडक्याने पुसत बसला. कारागीर माणूस हत्यारांशी बोलतो, तसा माझ्याशी बोलला.

“मायट्रल का कायसं म्हणाले. हृदयाचं काहीतरी आहे. डॉक्टर बोलत होते, मी आपली मान हलवत होतो. घरात सांगितलं तर बायकोच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. पोरगी शिक्षण सोडून धावत येईल. नकोच ते.”

पुढच्याच आठवड्यात दुकानात विजेवर हवा भरणारं यंत्र आलं. “जमाना बदलला,” असं तो सगळ्यांना सांगत सुटला. मी फळीखाली गेलो. धूळ बसली, कोळ्याने मुठीवर घर केलं, पोटातलं चामडं वाळून कडक झालं. पण मित्रांनो, मला राग आला नाही. मला का ठेवून दिलं, ते त्याच्याखेरीज त्या घरादारात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तर तोंड नव्हतं.

मग एका सुटीच्या दुपारी भिंगरी आली. चेहरा उतरलेला. तोंडी परीक्षेत हृदयाच्या धड्यावर ती अडली होती. “सगळं पाठ होतं, बाबा! बाईंनी फक्त विचारलं, का? आणि माझी दातखीळ बसली. परवा पुन्हा बोलावलंय.”

“मग मला सांग की. मला काहीच येत नाही. माझ्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठे मिळणार?”

तिने डोळे मिटून घडाघडा सुरू केलं. ट्रायकस्पिड, पल्मोनरी, मायट्रल...

मालकाच्या हातातला पाना घमेल्यात पडला.

“काय झालं?”

“काही नाही, निसटला. ही कुणाची नावं? आणि हे शेवटचं तर सरबताचं वाटतंय. माझ्या भाषेत सांग, भिंगरे.”

ती हसली, मग इकडेतिकडे पाहू लागली. तिची नजर फळीखाली गेली आणि तिने मला ओढून बाहेर काढलं. किती काळाने उजेड लागला अंगाला!

“हे बघा. हृदय म्हणजे एकमेकांना चिकटून बसवलेले दोन पंप. उजवा शेजारच्या घरी पाणी पोचवतो, म्हणजे फुप्फुसांत. डाव्याला मात्र सगळ्या शहराला पुरवायचं असतं, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून...” ती एकदम थांबली. “अगंबाई! म्हणून डाव्या बाजूची भिंत जाड! हेच विचारत होत्या बाई!”

“आणि ते सरबत?”

“मायट्रल म्हणजे डाव्या बाजूची झडप. याच्या तळाशी आहे ना, तशीच. रक्ताला पुढे सोडायचं, मागे येऊ द्यायचं नाही.” तिने माझी नळी एका भरलेल्या चाकाला जोडली, मूठ दाबली आणि हात सैल सोडला. माझी झडपही म्हातारी झाली होती. दांडा आपोआप वर येऊ लागला. “बघा! ही अशी गळायला लागली की भरलेलं थोडं मागे येतं. मग तेवढ्याच कामाला दुप्पट ढकलावं लागतं, आणि पंप दमतो.”

तिने मला उघडलं, वाळलेल्या चामड्याला तेलाचं बोट लावलं. ते थंड तेल भिनत गेलं तेव्हा एक मागणं माझ्या मनात दाटून आलं. मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि कुणी काही सांगत असताना कळलं नाही, तर उगीच मान हलवू नका. “पुन्हा सांगा, सोपं करून सांगा,” एवढं म्हणायला धीर लागतो. तो धीर एकमेकांना देत जा.

मालक मात्र तेलाकडे पाहत नव्हता.

“अशा माणसाला होतं काय गं?”

“दम लागतो. जिना चढताना थांबावं लागतं. आडवं पडलं की गुदमरतं, मग उशीवर उशी ठेवून झोपावं लागतं.”

“आणि मग? संपलं?”

“संपलं कसलं! आधी औषधं असतात. नाही भागलं तर झडप दुरुस्त करतात, नवीही बसवतात. पण वेळेवर यायला हवं. लोक अंगावर काढतात ना, तिथे घात होतो.”

त्याने घमेल्यातला पाना काढून पुसला. मग हळूच म्हणाला, “त्या माणसाच्या पायाला सूज येते? बोटाने दाबलं की खळगा राहतो?”

“हो... पण हे तर मी सांगितलंच नाही. तुम्हाला कसं माहीत?”

रस्त्यावरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं. मालकाने पेटीवर पाय ठेवला आणि मोजा खाली सरकवला. भिंगरीने वाकून बोट टेकवलं. उचललं. खळगा तसाच राहिला.

“डॉक्टरांनी मला हेच सांगितलं होतं,” तो म्हणाला. “मी हो हो करत उठून आलो. मला त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं, भिंगरे, आणि विचारायची लाज वाटली. फार घाबरलोय गं मी.”