कोरड्या पायांची अट

औकेने होडीच्या किल्ल्या मारितच्या हातात ठेवल्या, "नांगराची साखळी गंजलीय, हातमोजे घालून ओढ," एवढं सांगितलं आणि हार्लिंगनच्या धक्क्यावरून तो सायकलला टांग मारून निघालासुद्धा. मारितचे होणारे सासरे, फुन्स, त्याच्या पाठीकडे बघत राहिले. जन्मभर बेकरी चालवलेला हा गोल गरगरीत माणूस, जर्दाळू भरून स्वतः भाजलेले दोन व्लाय, म्हणजे त्यांच्याकडचे फळांचे चपटे केक, दोन्ही हातांत सांभाळत उभा होता.

"हा चालला कुठे?" त्यांनी विचारलं.

"घरी," मारित म्हणाली. "होडी त्याची. आठवडाभर आता आपली."

"मग कप्तान?"

"मी."

"आणि खलाशी?"

मारितने आधी होणाऱ्या नवऱ्याकडे, यूपकडे पाहिलं, मग त्याच्या आईवडिलांकडे. "खलाशी समोरच उभे आहेत की."

फुन्सनी व्लाय हळूच धक्क्यावर ठेवले. भाड्याच्या कागदावर 'चालकाशिवाय' असं ठळक लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं, पण अशी अट फक्त लिहायची असते, प्रत्यक्षात कोणीतरी टोपीवाला माणूस असतोच, अशी त्यांची समजूत होती.  यूपच्या आई, फीनबाई, होडी आणि धक्का यांच्यामधल्या वीतभर पाण्याकडे बघत होत्या. मग यूपचा खांदा धरून त्यांनी एक लांब पाऊल टाकलं आणि होडीत आल्या आल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. बूट कोरडे होते.

त्या बुटांवर बरंच काही अवलंबून होतं. मारित मूळची व्लीलँड बेटावरची. यूपशी तिचं जमून चार वर्षं झाली होती, लग्न सप्टेंबरात करायचं हेही ठरलं होतं, घोडं अडलं होतं ते कुठे करायचं यावर. मारितचे आजोबा एक्याण्णव वर्षांचे. तिला शीड आणि सुकाणू त्यांनीच शिकवलेलं. आता डॉक्टर त्यांना बेट सोडू देत नव्हते. लग्न बेटावर झालं तर आजोबा पहिल्या रांगेत बसणार, नाहीतर फोटोत बघणार. तिकडे दक्षिणेला, लिम्बुर्गमधल्या डोंगरातल्या गावात, बेकरीवाल्याच्या मुलाचं लग्न म्हणजे चर्चपासून बेकरीपर्यंत गावचा पितळी बँड वाजत जायलाच हवा. फुन्स स्वतः त्यात चाळीस वर्षं ढोल बडवत होते. त्यात फीनबाईंना पाण्याची भीती. मोठ्या फेरीबोटीचं नाव काढलं तरी त्या विषय बदलायच्या.

तेव्हा मारितच म्हणाली होती, एक सुट्टी माझ्याबरोबर होडीतून काढा, बेटावर चला, मग ठरवा. फीनबाईंनी विचार करायला दोन दिवस घेतले होते.

"कोरड्या पायांनी बेटावर उतरले तर लग्न बेटावर," त्यांनी फोनवर सांगितलं होतं. "नाहीतर आमच्या गावात, बँडसकट."

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, भरतीचं पाणी चढत असताना ते निघाले. वारा मागून, पाणी सपाट, आणि ती रुंद, सपाट बुडाची जुनी होडी अशी चालली होती की फीनबाईंनी तासाभराने कठडा सोडला. मारितची छाती फुगली. ही बंदरातली पोर, पाण्यावर आली की तिच्या अंगात येतं. फुन्सना तिने दोर बांधायला शिकवलं, सील दाखवले, आणि वाट दाखवणाऱ्या लाल बोयांकडे हात करून म्हणाली, "हे परक्यांसाठी. आम्ही आतून जातो. अर्धा तास वाचतो."

साडेसातला फीनबाईंनी खाली जाऊन कॉफी केली. वर येऊन त्यांनी कप भरले, बिस्किटांचा डबा फिरवला, आणि मारितने सवयीने एक बिस्कीट उचलून झाकण लावलं.

"बघ, फुन्स," फीनबाई म्हणाल्या, "उत्तरेकडे पाहुण्याला एकच बिस्कीट मिळतं असं ऐकलं होतं, ते खरं निघालं."

"दुसरं मागायची पद्धत नाही आमच्याकडे," मारित हसत म्हणाली.

"आणि द्यायची?"

मारित उत्तर देणार, एवढ्यात होडी खालून घासली, एकदा उडाली आणि थांबली. कॉफीचं भांडं फीनबाईंच्या मांडीवर आडवं झालं. नशिबाने कॉफी निम्मी संपलेली आणि बरीचशी निवलेली होती. मारितने इंजिन सुरू करून मागे ओढलं, पुन्हा ओढलं. मागे नुसता तपकिरी गाळ उसळला. भरती अर्ध्या तासापूर्वीच संपली होती आणि पाणी आता एकाच दिशेला चाललं होतं, बाहेर.

तिघंही तिच्याकडे बघत होते. खरं बोलायला हीच वेळ होती. पण पडलो तरी नाक वर म्हणतात, ते अशाच माणसांसाठी.

"आलो," मारित म्हणाली. "इथेच थांबायचं होतं."

आता हे अगदीच कपोलकल्पित नव्हतं. या पाण्यात हौशी माणसं ओहोटीला होडी मुद्दाम वाळूवर टेकू देतात, चार-पाच तास समुद्राच्या तळावर फिरतात, आणि भरती आली की पुढे जातात. त्याची मजा खरंच मोठी असते. फक्त ते लोक आधी शीड उतरवतात. यूपने वर, अजून वाऱ्याने फुगलेल्या शिडाकडे पाहिलं, मग मारितकडे पाहिलं आणि न बोलता शीड उतरवायला लागला. या मुलाशी लग्न करायचं तिने उगीच ठरवलं नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला एक होडी त्यांच्याच दिशेने वळली. तीही भाड्याचीच, आणि तिच्यात म्युन्स्टरचे सहा निवृत्त पोस्टमन. त्यांच्यातला एगोन नावाचा उंच म्हातारा पुढे उभा राहून हात हलवत होता. पाठोपाठ ग्रोनिंगनच्या दोन म्हाताऱ्या बहिणींची होडी आली. दोन्ही होड्या थोड्या खालच्या अंगाला, वाळूच्या कडेशी नीट नांगर टाकून टेकल्या.

"तुम्ही इतक्या निवांत उभ्या होतात," एगोन ओरडून म्हणाला, "आम्ही म्हटलं, हिला जागा माहीत आहे."

"माहीत आहेच," मारित म्हणाली आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मेंढरामागे मेंढरू चालतं हे ठीक, पण पुढचं मेंढरू आपण आहोत हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

दहापर्यंत समुद्र सरकून गेला आणि क्षितिजापर्यंत ओली, चमकणारी वाळू उघडी पडली. मग काय विचारता. फुन्स पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शिडीवरून उतरले आणि पोरासारखे डबक्यातून पळाले. त्यांनी शिंपले गोळा केले, पोस्टमन लोकांना बँडची कवायत शिकवली, पहिला व्लाय कापून बारा जणांत वाटला. बहिणींनी खारट कोवळी समुद्रभाजी खुडून आणली. फीनबाई मात्र डेकवर खुर्ची टाकून, बूट घालून बसून राहिल्या. "माझे पाय कोरडे आहेत," असं त्यांनी बोलावायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं.

"ही जागा आम्ही नकाशात लिहून ठेवणार," एगोन मारितला म्हणाला. "दर वर्षी येऊ. नाव काय देऊ? मारितची पुळण?"

मारित हसली आणि नकाशा बघायच्या निमित्ताने खाली गेली. तिथे भरती-ओहोटीचं पुस्तक सकाळच्याच पानावर उघडं होतं. तिने बोट संध्याकाळच्या आकड्यावर नेलं आणि तो पुन्हा एकदा वाचला. उधाण परवाच ओसरलं होतं आणि पाणी भांगाकडे, म्हणजे पंधरवड्यातल्या सगळ्यांत कमी भरतीकडे चाललं होतं. संध्याकाळची भरती सकाळपेक्षा वीतभर कमी चढणार, उद्याची त्याहून कमी, परवाची त्याहून. बाकीच्या दोन होड्या खालच्या अंगाला होत्या, त्या सहज तरंगल्या असत्या. मारितची होडी वाळूच्या माथ्यावर होती. आज निघाली नाही तर ती पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस, इथेच उभी राहणार होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक होडीतून लोक बोटं दाखवणार होते. आजोबा बेटावर वाट बघणार होते. लग्नाचं तर विचारायलाच नको.

उपाय एकच होता. नांगर वाळूवरून चालत नेऊन दूर, खोल पाण्याच्या बाजूला रोवायचा, होडी हलकी करायची, आणि भरती आली की सगळ्यांनी मिळून ओढायचं. एकट्या यूपच्या हातचं हे काम नव्हतं. माणसं लागणार होती, आणि तीही आत्ताच. एक वाजला होता. दीडनंतर पाणी परत फिरणार होतं.

झाकली मूठ आणखी तासभर झाकली असती तर सव्वा लाखाची राहिली असती आणि होडी गेली असती. मारित वर आली. सगळे वाळूवर गोल करून शिंपले उकडत होते. ती शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "मी इथे मुद्दाम थांबले नाही. बोये सोडून आतून आले, शेखी मिरवायला, आणि वाळूवर चढले. संध्याकाळचं पाणी कमी आहे. तुमच्या होड्या निघतील, माझी नाही निघणार. मला मदत हवी आहे."

 एगोनने पेन्सिल काढून नकाशावरचं काहीतरी हळूच खोडलं. त्या खोडण्याची लाज मारितला जन्मभर पुरली असती.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. फीनबाई खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. त्यांनी मोजे काढले, गुंडाळून बुटात कोंबले, आणि बूट डेकच्या कोपऱ्यात, पाणी उडणार नाही अशा जागी ठेवले. मग कठडा घट्ट धरून, डोळे मिटून, त्या शिडीवरून समुद्राच्या तळावर उतरल्या. घोट्यापर्यंत चिखलात गेल्या तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"फीनबाई, तुमचे पाय," मारित म्हणाली.

"दिसतायत मला. नांगर कुठे आहे?"

"तुम्हाला राग नाही आला?"

"पोरी, मला सकाळी पावणेआठलाच कळलं होतं. ठरवून थांबणारी बाई आधी कॉफीचं भांडं खाली ठेवायला लावते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतेस ते बघत होते." फीनबाईंनी फुन्सकडे मान वळवली. "चाळीस वर्षं मी अशा माणसाबरोबर संसार केला, ज्याचा पाव आजवर एकदाही करपलेला नाही. काळा झाला की हा म्हणतो, आज कवच खमंग झालंय. घरात असा एक पुरे. दुसरा मला झेपला नसता."

"ते कवच खमंगच असतं," फुन्स म्हणाले.

"तू फावडं घे."

पुढचं काम मात्र गावजेवणासारखं झालं. पोस्टमन मंडळींनी नांगर आडव्या बांबूला बांधून खांद्यावर घेतला आणि ओझं वाहायची सवय मोडली नाही म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटल्या. फीनबाई साखळी धरून मागून चालल्या, पाण्याच्या अगदी कडेपर्यंत, आणि हातमोज्यांची एकच जोडी होती ती त्यांनीच घातली. फुन्सनी आणि यूपने होडीच्या बुडाशी चर खणला. टाकीतलं पाणी सोडून दिलं, खोकी बहिणींच्या होडीत गेली. वजन कमी करायचं म्हणून दुसरा व्लायही तिथल्या तिथे संपवण्यात आला.

संध्याकाळी साडेसातला पाणी वाळूच्या माथ्यावर चढून थांबलं, जणू पुढे यावं की नाही याचा विचार करत होतं. दोन्ही होड्या तरंगून बाजूला झाल्या होत्या आणि त्यांच्याकडून मारितच्या होडीला बांधलेले दोर ताणलेले होते. यूप, फुन्स आणि फीनबाई नांगराच्या साखळीचं चाक फिरवत होते. मारित सुकाणूवर होती आणि पहिल्यांदाच काही बोलत नव्हती. होडी हलली नाही. फुन्सनी बँडचा ठेका धरला, त्या तालावर सगळ्यांनी ओढलं, आणि होडी कुरकुरली, एका अंगाला झुकली आणि चरातून सावकाश घसरत पाण्यात आली. मारितच्या डोळ्यांना धार लागली. पोस्टमन गात होते.

बेटाकडे जाताना मारितने एकही लाल बोया चुकवला नाही. बिस्किटांचा डबा तिने फीनबाईंसमोर ठेवला आणि झाकण समुद्रात टाकलं असतं तरी चाललं असतं अशा थाटात बाजूला सारलं. फीनबाईंनी चार खाल्ली.

नऊ वाजता, उन्हं अजून लाइटहाउसवर होती तेव्हा, व्लीलँडच्या बंदरात दोर बांधले. आजोबा चाकांच्या वॉकरवर रेलून धक्क्यावर उभे होते. गळ्यात दुर्बीण होती.

"सकाळपासून बघतोय," ते म्हणाले. "वाळूवर कोणी चढवली?"

"मी," मारित म्हणाली.

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि दुर्बीण डब्यात घातली. मारितला त्यांच्याकडे बघवेना. दिवसभर जे झालं ते झालं, पण अट ती अट. फीनबाईंच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झाला होता.

"यूप, बादली," फीनबाई म्हणाल्या. "आणि टॉवेल."

त्या कठड्यावर बसल्या. दोन्ही पाय धुतले. मग टॉवेलने पुसले, टाचा, तळवे, एकेका बोटाच्या बेचक्यात टॉवेल घालून, अशा निगुतीने की धक्क्यावरचे लोक बघायला थांबले. डेकच्या कोपऱ्यातून बूट आणले, मोजे घातले, नाड्या बांधल्या. मग यूपचा हात बाजूला सारून, एकटीने, त्यांनी बेटावर पाऊल ठेवलं आणि आजोबांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"बँडवाले चोवीस आहेत," त्या मारितला म्हणाल्या. "ढोलासकट. तुझ्या होडीत किती मावतात?"

मारितने वळून होडीकडे पाहिलं. "सहा."

"म्हणजे चार खेपा. आणि भरतीचं पुस्तक या वेळी संध्याकाळपर्यंत वाच."