उलट्या बाजूने

"निळी गाडी दारी आली, हिला हळदीकुंकू लावा;
हिच्या वाटे चालणारा सुखरूप घरी जावा."

विनोदिनीकाकूंचा हा आवाज मी अगदी पहिल्या दिवशी ऐकला. मित्रांनो, त्या ओवीबरोबर दारात आलेली आणि आता गंजून गेलेली मी एक जुनी स्कूटर आहे. चाकाखाली लिंबू ठेवलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि काकूंचे यजमान शरच्चंद्र मास्तर मला घेऊन उज्जैनच्या रस्त्याला लागले.

मास्तर शाळेत गणित शिकवत. कुणी पायी रस्ता ओलांडताना दिसलं की त्यांचा पाय आपसूक ब्रेकवर जाई. राम घाटाकडे निघालेल्या म्हाताऱ्या यात्रेकरू बायका "जीते रहो, भैया" म्हणत पुढून जात. तेव्हा मला माझ्या ब्रेकचा केवढा अभिमान वाटे!

मग गाड्या वाढल्या. टावर चौकात मास्तर लाल दिव्याला थांबले की मागून भोंगे कोकलत. "मास्साब, बत्ती घर ले जाओगे क्या?" एकदा तर त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं हाक दिली, "अंकल, सो गए क्या?" आजूबाजूचे हसले. मास्तर ओशाळले आणि दिवा लाल असतानाच त्यांनी मला पुढे रेटलं. ती पहिली वेळ.

पुढे रस्त्याच्या मधोमध डिव्हायडर झाला. वळायचं तर अर्धा किलोमीटर लांब जावं लागे. सगळे उलट्या बाजूने घुसत, मग मास्तरही घुसू लागले. वाटेत मारुतीचं छोटं देऊळ होतं. चालत्या गाडीवरून एक हात सोडून, डोळे मिटून, सगळेच तिथे नमस्कार करत. मास्तरही करत.

गेल्या वर्षी एका सकाळी मास्तर असेच उलट्या बाजूने निघाले होते, देवळापाशी हात कपाळाला. समोरून स्नेहा आली, आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने. वडिलांच्या बँकेतल्या बदलीमुळे इथे आलेल्या कुटुंबातली ही मुलगी दवाखान्यात नर्स होती. मला चुकवायला तिनं स्कूटी वळवली आणि ती डिव्हायडरवर आदळली. मी आडवी झाले, मास्तर खांद्यावर पडले.

गर्दी जमली. मास्तरांचं पिकलं डोकं पाहिलं, टिळा पाहिला, झाला न्याय!

"लड़कियों को गाड़ी देता कौन है?"

"बुजुर्ग को गिरा दिया! पैर छू, माफी माँग!"

मोडलेला हात पोटाशी धरून ती पोर वाकली आणि मास्तरांच्या पाया पडली. मास्तरांनी मान फिरवली. मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो, पण पत्र्याच्या तोंडाला कोण विचारतं?

तेव्हापासून मी ओसरीच्या कोपऱ्यात आहे. "त्या भवानीनं ह्यांचा खांदा मोडला," असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मास्तर पेपरात डोकं घालत.

या गावात पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाहीत. अनोळखी म्हातारीला हात धरून घाट उतरवतात. तीच माणसं गाडीवर बसली की कुणाची कुणी उरत नाहीत. परक्या माणसाला रस्त्यावरूनच आपलं गाव कळतं हो! मला पुसू नका, तेलही घालू नका. पण चालणाऱ्याला वाट द्या. सांगते खरी, भोंग्यांच्या गदारोळात ऐकणार कोण?

काल स्नेहा आली. हात वाकडाच जुळलाय. सुई धरता येत नाही म्हणून नोकरी सुटली.

"काकू, काका बरे आहेत ना?" ती दारातूनच म्हणाली. "माझंच लक्ष नसेल त्या दिवशी. सगळे तेच म्हणतात."

"वर्षानं आठवलं होय गं?" काकू फणकारल्या. "गाडी उडवायचा शौक तुम्हा पोरींना!"

"आता नाही चालवत, काकू. बाबांनी स्कूटी विकली."

ती जायला वळली. मास्तर खुर्चीतून उठले. तोल सावरायला त्यांनी माझ्या सीटवर हात टेकला.

"विनोदिनी, तिला आत घे," ते म्हणाले. "ती बरोबर येत होती. उलट्या बाजूने मी होतो. आणि डोळे माझे मिटलेले होते."