शोभेत न बसणारा कठडा

मित्रांनो, जन्माने मी पाण्याचा पाइप. कठडा झालो तो नंतर. वरच्या चौकात नवे नळ बसवताना मी उरलो, आणि खालच्या गल्लीतल्या प्लंबरने मला खांद्यावर टाकून आणले. गल्लीतून चौकात जायच्या दगडी पायऱ्यांवरून त्याची बायको घसरली होती, आणि ती दिवसांत होती. "अर्ज करत बसलो तर बाळ शाळेत जाईल, पण कठडा यायचा नाही," असे म्हणत त्याने मला वाकवले, जोडले आणि पायऱ्यांच्या कडेला सिमेंटात रोवले.

दिसायला मी ओबडधोबड. पण हात फिरून फिरून असा गुळगुळीत झालो, की पोरे माझ्यावरून घसरगुंडी करायची आणि खाली पोचल्यावर आयांचे धपाटे खायची.

वर चौक, खाली गल्ली. चौकात जुन्या देखण्या इमारती, पाहुण्यांची हॉटेले, रांगेने दिवे. गल्लीत त्या हॉटेलांच्या चादरी धुणारी, भांडी घासणारी माणसे. चौकातली फरशी दर वर्षी घासली जाई. आमच्या पायऱ्यांना पावसाने धुतले तर धुतले. इस्त्रीवाल्या मावशी रोज चादरींचे गाठोडे घेऊन वर जात. त्यांचा एक गुडघा कधीचा रुसलेला. एक हात गाठोड्याला, एक मला, असे त्यांचे चालायचे.

मग चौक सुशोभित करायचे ठरले. नकाशा घेऊन आलेल्या साहेबांनी मला पाहून नाक मुरडले. "हा पाइप जुन्या दगडाला शोभत नाही. काढा." माझ्या जागी फुलांच्या कुंड्या आल्या. मला खाली भिंतीला टेकवून ठेवले, भंगारवाला येईपर्यंत.

मावशींचे वर जाणे थांबले. मुलगा म्हणाला, "आई, शहराबाहेर खोली बघू. तिकडे सगळं सपाट आहे."

"सपाट आहे, पण काम कुठंय? तिथे काय मैदानाला इस्त्री करू?" मावशी फणकारल्या. पण संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसल्या तेव्हा तो फणकारा उरला नव्हता. गल्लीतली दोन घरे आधीच कुलूप लावून गेली होती.

सकाळी गल्लीतला न्हावी पायरीवर जाऊन उभा राहिला. मोठ्या आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. "मावशी, धरा खांदा. फुकट आहे!" वरच्या पायरीवर दूधवाला आला, त्याच्या वर शिंपीणबाई. मग रोजच माणसांचा कठडा उभा राहू लागला. मावशी खांद्याखांद्यावरून चौकात पोचू लागल्या.

"हळू धरा हो, मान आहे ती, दांडा नाही!" शिंपीणबाई ओरडायच्या.

चौकाचे उद्घाटन नेमके अशाच एका सकाळी होते. वयस्कर महापौरबाई कुंड्या बघायला पायऱ्यांकडे वळल्या, एक पायरी उतरल्या आणि त्यांचा तोल गेला. हात पडला तो शिंपीणबाईंच्या खांद्यावर. मग दूधवाल्याच्या. मग भोंग्याच्या. खाली पोचून त्या हसल्या, "किती प्रेमाने उभे राहिलात हो स्वागताला!"

"स्वागताला नाही, बाई," भोंगा म्हणाला. "इथला कठडा काढलाय, म्हणून त्याच्या जागी उभे आहोत. मला दुकान उघडायचंय."

बाईंबरोबर आलेले नकाशावाले साहेब कुंड्या निरखू लागले. बाईंनी वर पाहिले. "अगं बाई, मग मी आता वर कशी जाऊ?"

"माझ्यासारखीच," गाठोडे सावरत मावशी म्हणाल्या. "चला, धरा."

दोघी एकामागून एक चढल्या, धापा टाकत, मध्येच थांबत. वर पोचल्यावर बाईंनी एवढेच विचारले, "तो कठडा आहे कुठे?" मावशींनी खाली माझ्याकडे बोट केले. मित्रांनो, भंगाराच्या वाटेवरून मी परत आलो तो असा!

साहेबांनी मला दगडी रंग देण्याची अट घातली. देऊ देत बापडे. कुलूपबंद घरे मात्र अजून तशीच आहेत, ते मला रोज दिसते.

मोठेपणी तुमच्यापैकी कोणी शहरांचे नकाशे काढेल. एखादी जुनी, कुरूप वस्तू डोळ्यांत खुपली, तर ती उखडण्याआधी एक सकाळ तिच्याशेजारी उभे राहा. तिच्यावर कोणाचा हात पडतो, ते बघा.

मावशी आता वर जाताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. हात टेकतात, भोंग्याशी भांडत भांडत चढतात आणि निघून जातात. मला याहून जास्त काही नकोच होते.