खांद्यात शिवलेला ओवा

शिवणाच्या कारखान्यात बटणवालीने तीन वर्षं बटणंच लावली. आज मास्तरांनी तिला आख्खा कोट शिवायला दिला होता. चारच्या आत जमला तर कोटाच्या टेबलावर जागा, नाहीतर पुन्हा बटणं आहेतच. आणि आजच पाळी यायची होती! मागच्या वर्षीही ऐन कोटाच्या परीक्षेच्या दिवशी पोट धरून ती घरी गेली होती. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "हिला कामाचा कंटाळा."

दुपारी कळ अशी आली की तिच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. इस्त्रीवाल्या मावशींनी ते बरोबर हेरलं. एक जुनं खांद्याचं पॅड उसवून त्यांनी आतला कापूस काढला, डब्यातला ओवा भरला, टीप मारली आणि वर इस्त्री ठेवली. "कमरेला खोच. आणि हे आल्याचं पाणी घे. तोंड वाकडं करू नकोस, पी मुकाट्याने!"

पोट शेकलं तशी बटणवाली हलली. ओवा गार झाला की टेबलावर काढायचा, मावशींनी गरम केला की पुन्हा खोचायचा. अशा घाईत तिने दोन्ही बाह्या लावल्या, खांद्यांत पॅडं घातली, अस्तर शिवून बंद केलं. चारला दहा मिनिटं कमी होती. हुश्श!

मास्तरांनी कोट अंगात घातला, खांदा उडवला. उजव्या खांद्यात काहीतरी करकरलं. त्यांनी नाक फेंदारलं.

"कोट शिवलायस की मसाल्याचा डबा?"

तिचा हात कमरेकडे गेला. तिथे खोचलेलं होतं कोटाचं पॅड! अरे देवा! सगळ्या मशिनी थांबल्या. अशा वेळी पोरी 'डोकं दुखतंय' म्हणून सुटका करून घेत. तिलाही तेच सुचलं. पण कामाचा कंटाळा हे शब्द वर्षभर तिला सलत होते.

"पाळी आलीय, मास्तर," ती म्हणाली. "पोटात मरणाचं दुखत होतं, म्हणून ओव्याने शेकत होते. घाईत पॅडं बदलली. पण काम सोडून गेले नाही."

कोट काढून मास्तरांनी बाहीची शिवण बोटाने चाचपली, मग स्टुलावर बसले.

"माझी लेक दर महिन्याला दोन दिवस उशी आवळून पडते," ते हळूच म्हणाले. "मी म्हणतो, शाळा बुडवायची नाटकं." त्यांनी कोट तिच्यापुढे सरकवला. "बाही झकास बसलीय. पॅड बदल. उद्यापासून इथेच बस." मग ते मावशींकडे वळले. "मावशी, असं एक ओव्याचं पॅड मला द्याल शिवून?"

"मी कशाला? कोटवाली बसलीय ना समोर! तिला सांगा."

तिने चटकन नवं कापड घेतलं. ओवा सांडू नये म्हणून दुहेरी टीप मारली. कोटाच्या टेबलावरचं तिचं पहिलं काम मास्तर खिशात जपून घरी घेऊन गेले.