लांब शुक्रवार

विल्पू गुरुवारी दुपारी तळ्याच्या बर्फाखाली लावलेली जाळी काढायला गेला, तो परतलाच नाही. सकाळी पाहावे तर बर्फ काळे पडलेले. त्यावरून माणूस चालणार नव्हता आणि त्यातून होडीही निघणार नव्हती. गावातले दोघे पहाटेच काठाकाठाने वळसा घालून पलीकडे निघाले होते. त्यांना परतायला संध्याकाळ होणार होती.

तो ख्रिस्ताच्या मरणाचा दिवस, इथल्या भाषेत पित्कॅपेर्यांताई, म्हणजे लांब शुक्रवार. चुली थंड, कामे बंद, कुणी कुणाच्या दारात जायचे नाही. विल्पूची आई ईता खिडकीशी उभी होती. तिचे सासरे तावेत्ती, तंत्रशाळेतले निवृत्त सुतारशिक्षक, बाकावर बसून होते.

"मामंजी, या दिवसाला लांब कुणी म्हटलं हो?" तिने न वळताच विचारले.

"स्वीडिश लोकांनी. त्यांनी 'लांब'ला 'शुक्रवार' सांधला, आणि आपल्या पाद्र्यांनी त्याच मापाने तो सांधा आपल्या भाषेत बसवला. प्रभूच्या यातना सरता सरेनात, म्हणून लांब, असं म्हणतात."

"पाद्र्यांना कशाला सुचतंय! पोराची वाट बघणाऱ्या बाईलाच सुचला असणार."

एरवी तावेत्तींनी पुरावा मागितला असता.

दुपारी ईता एकदम ओरडली, "अगं बाई! मान्ताने कपडे वाळत घातलेत!"

"तळ्यापलीकडच्या मान्ताने? आजच्या दिवशी सुई उचलली म्हणून तुझी खरडपट्टी काढणारी ती?"

"तीच! आणि तेही पार पाण्याच्या कडेला, साऱ्या गावाला दिसतील असे! आता येऊ दे मला बोलायला..."

दांडीवरच्या तांबड्या सदऱ्याची एक बाही राखाडी होती. ती बाही हिवाळ्यात ईतानेच विल्पूच्या सदऱ्याला जोडली होती.

"मामंजी, कपडे आहेत. तो कुठंय?"

तावेत्ती उठून तिच्याशेजारी आले. तेवढ्यात मान्ताच्या दारातून मान्ताचा काळा झगा बाहेर आला. झगा पोटऱ्यांपर्यंतच पुरत होता आणि तो घातलेला माणूस दोन्ही हात डोक्यावर हलवत होता. मागून खरी मान्ता धावत आली आणि त्याला दंडाला धरून आत ओढू लागली.

"विल्पूच तो," तावेत्ती म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "असल्या झग्यात नाचायला दुसरा कोण धजेल?"

ईताने डोळे पुसले, पुन्हा दांडीकडे पाहिले आणि एकेक कपडा ओळखला.

"टोपी कुठं दिसत नाही," ती म्हणाली. "तळ्यात गेली वाटतं मेली. जाऊ दे."