न फुटलेला पान्हा

बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एखादीला दूध उतरेना की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "सिस्टरांना बोलवा." सिस्टर यायच्या, नातेवाइकांना दटावून बाहेर काढायच्या आणि बाळ छातीशी लावून सांगायच्या, "दूध छातीत नसतं गं, डोक्यात असतं. बाळ ओढतं, मेंदूला निरोप जातो, मेंदू हार्मोन सोडतो, मग पान्हा फुटतो. भ्यालीस, चिडलीस, की अडलं सगळं." बहुतेकींना पान्हा फुटायचा. फुटला नाही, तर सिस्टर खुशाल म्हणायच्या की आईचंच मन नाही.

म्हणून स्वतःच्या सुनेला दूध येईना, तेव्हा त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जगाच्या लेकीसुनांना मार्गी लावणारी बाई, आणि तिच्याच घरात दुधाची बाटली! सुनेला आई नव्हती. जे काय करायचं ते या सासूनंच. बाळंतपणात पोरीचं रक्त फार गेलं होतं, शुद्ध हरपली होती. पण वाचली ना? मग झालं, असं सिस्टरांनी धरून टाकलं.

सून दिवसभर पांघरुणात. भर उकाड्यात अंगात स्वेटर. बाळ ओढून ओढून लालबुंद व्हायचं आणि टाहो फोडायचं. छाती एकदासुद्धा भरून आली नाही.

"मन लाव जरा," सिस्टर म्हणायच्या.

"लावतेय हो, आई."

"झोपेत बरं लागतं तुझं मन!"

मुलगा मध्ये पडला, "आई, डॉक्टरांना दाखवू या का?" तर त्यालाच ऐकावं लागलं, "मग इतकी वर्षं मी काय तिथे माशा मारल्या?"

आणि एक दिवस, सुनेच्या कानावर जाईल अशा बेतानं, त्या शेजारणीला म्हणाल्या, "माया असावी लागते हो. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

सून भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिला ते पटलं! दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, बाळाला ताईंकडे ठेवा. त्यांना दूध आहे. माया पण आहे."

ताई म्हणजे सिस्टरांची लेक, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिचं स्वतःचं मूल अंगावर पीत होतं. सिस्टरांनी मुकाट्यानं बाळाचे कपडे पिशवीत भरले. वाटलं, दुरावलं की कळेल हिला, येईल धावत न्यायला.

धावायला अंगात त्राण तर हवं! काही महिन्यांनी साध्या तापाचं निमित्त झालं आणि सून न्हाणीघरात कोसळली.

दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाळंतपणात रक्त फार गेलं होतं? आणि दूध आलंच नाही? थेंबभरही नाही?"

सिस्टरांच्या पायांखालची जमीन सरकली. प्रश्न ऐकताच त्यांना उत्तर कळलं होतं.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते," डॉक्टरीणबाई मुलाला समजावू लागल्या. "दूध तयार करणारं हार्मोन तीच सोडते. त्या वेळी तिला रक्तच पोचलं नाही, ती निकामी झाली. बाळाचा निरोप जात होता हो, पण हुकूम सोडणारं कुणी उरलं नव्हतं. थकवा, थंडी, झोप, सगळं त्यातलंच. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील. ताकद येईल. दूध नाही."

सिस्टर खाटेजवळ गेल्या. "पोरी, माझं चुकलं. तू आजारी होतीस. मला कळायला हवं होतं."

सुनेनं त्यांच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "म्हणजे मला माया होती?"

"होती गं बाई, होती."

"मी तर माझ्या लेकीला देऊन टाकलं," असं म्हणून ती हुंदके देऊन रडायला लागली. सिस्टरांना तिच्या पाठीवर हात ठेवायचाही धीर होईना.

संध्याकाळी ताई बाळाला घेऊन आली. सुनेनं हात पसरले. बाळ त्या हातांत आलं, परकं तोंड बघून बिचकलं आणि मान वळवून ताईला शोधत रडू लागलं.

"राहू दे जरा तुझ्याजवळ," सिस्टर काकुळतीनं म्हणाल्या. "ओळखेल हळूहळू."

"नको, आई. भूक लागलीय तिला."

असं म्हणून सुनेनं स्वतःच्या हातांनी बाळ ताईच्या मांडीवर ठेवलं. बाळ पिऊ लागलं, शांत झालं. सून एकटक बघत राहिली. सिस्टरांना ते बघवेना. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.